‘किती वर्षे राहाल?’



हलाल कमाईचा विषय निघाला की आपले लक्ष बहुधा व्याज, लाच, भेसळ आणि मापातील खोट यांकडे जाते. ते योग्यच आहे. परंतु आज आपल्या घरांतील मुले-मुली दुकानाच्या गल्ल्यावर कमी आणि मुलाखतीच्या खुर्चीवर अधिक बसू लागली आहेत. त्या खुर्चीवर उच्चारलेल्या शब्दांचा हिशेब कोणत्या खात्यात लिहिला जातो, याचा विचार आपण क्वचितच करतो. मीही केला नव्हता. तो करावा लागला एका मुलीमुळे.

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. ईशाची नमाज झाल्यावर आमच्या जमातीतील एक गृहस्थ आपल्या लेकीला घेऊन घरी आले. मुलगी परिचारिका. तीन वर्षांचा जीएनएम अभ्यासक्रम पूर्ण करून, महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे रीतसर नोंदणी करून तिने पुण्यातील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात दोन वर्षे काम केले होते. आखाती देशांतील रुग्णालये साधारणपणे दोन वर्षांचा अनुभव मागतात. तो पुरा होताच तिने सौदी अरेबियासाठी अर्ज केला. निवड झाली, संगणकावरची परीक्षाही ती उत्तीर्ण झाली. कागदपत्रांची पडताळणी संपून व्हिसा येणे तेवढे उरले होते. त्याला तीन महिने लागतील की सहा, हे कोणी खात्रीने सांगत नव्हते. दरम्यान आईच्या शस्त्रक्रियेमुळे पुण्याची नोकरी सोडून ती घरी परतली होती. शस्त्रक्रियेचे कर्ज डोक्यावर आणि धाकट्या भावाची फी तोंडावर आलेली. अशात जवळच्या शहरातील एका खाजगी रुग्णालयाने अतिदक्षता विभागासाठी परिचारिका हव्या असल्याची जाहिरात दिली. सोमवारी मुलाखत होती.

“मैत्रिणी सांगतात, ‘किती वर्षे राहाल?’ हा प्रश्न तिथे हमखास विचारतात,” ती म्हणाली. “दोन वर्षे म्हटले तरच घेतात. मौलाना, तसे म्हणू का?”

वडिलांनी तिला पुढे बोलू दिले नाही. “सगळ्याच म्हणतात, मौलाना. त्यांना माणूस हवे, आपल्याला चार महिने पगार हवा. काम तर ती इमानदारीनेच करणार. यात कुणाचे काय बुडते?”

खरे सांगतो, ‘इन्शाअल्लाह जोडून म्हण, बेटी’ हे वाक्य माझ्या ओठांवर आले होते. ते आले, कारण मी स्वतः एकदा तसे म्हणून मोकळा झालो होतो.

मदरशातून फारिग होऊन मी मराठीतील बी.ए.चे शेवटचे वर्ष करीत होतो, तेव्हा एका लहान गावच्या मशिदीने मला इमामतीसाठी बोलावले. इमामाची मुलाखत कशी होते, हे वाचकांपैकी जे विश्वस्त असतील त्यांना ठाऊक आहे. मगरिबची नमाज पढवायला सांगतात, किरात ऐकतात, मग चहा देऊन पगाराचे बोलतात. मुतवल्लींनी चहाचा कप पुढे सरकवत विचारले, “किती दिवस राहाल? आधीचे मौलाना सहा महिन्यांत गेले. पोरांचे कुरआन अर्धवट राहिले.” माझा अर्ज त्याआधीच माझ्या घराजवळच्या एका मोठ्या मशिदीत पडला होता, आणि जागा रिकामी होताच बोलावू, असा शब्दही तिथून मिळाला होता. मी म्हणालो, “इन्शाअल्लाह, तुम्ही ठेवाल तोवर.” चार महिन्यांनी, शाबानच्या मध्यावर, मी सामान बांधले. त्या रमजानमध्ये गावाला हाफिज मिळाला नाही. तरावीह ‘अलम तरा’पासूनच्या लहान सूरांवर झाली. माझ्याकडे सबक घेणारा एक मुलगा तेव्हा अकराव्या पाऱ्यात होता. दोन वर्षांनी तो मला एका बसस्थानकावर भेटला. कुठवर आलास, असे विचारले, तर म्हणाला, “तिथेच आहे, मौलाना.”

मी खोटे बोललो होतो काय? शब्द तपासले तर त्यांत खोटे सापडत नाही. सगळे काही अल्लाहच्या इच्छेवर, आणि त्यांनी ठेवले तोवर मी राहणारच होतो, असेही म्हणता येईल. तरीही त्या बसस्थानकावर मला त्या मुलाच्या डोळ्यांत पाहवले नाही. म्हणून त्या रात्री मी बाप-लेकीला एवढेच सांगितले की मला दोन दिवस द्या, मी पाहून सांगतो. त्या दोन दिवसांत जे पाहिले, ते आता आपल्यापुढे थोड्या विस्ताराने ठेवतो.

प्रथम जे पाप नाही ते बाजूला करू. नोकरी सोडणे हे पाप नाही. चांगल्या संधीसाठी अर्ज करणे, परदेशी जाणे, एका जागी असताना दुसरी शोधणे, यांपैकी कशालाही शरीअतने मनाई केलेली नाही. फिक्हच्या ग्रंथांत नोकरीचा विचार ‘इजारा’ या प्रकरणात येतो. ठरावीक काळ एकाच मालकासाठी काम करणाऱ्याला तिथे ‘अजीर-ए-खास’ म्हटले आहे, आणि त्याने तो काळ मालकाच्या स्वाधीन केला की तो मजुरीस पात्र होतो. घर दरमहा भाड्याने दिले असेल तर एक महिना संपताच दोहोंपैकी कोणालाही मोकळे होता येते, असे हनफी फुकहा सांगतात. मासिक पगाराच्या आणि ठरलेल्या नोटिशीच्या नोकरीला हे उदाहरण बरेच लागू पडते. कोकणातील आपले बहुसंख्य बांधव शाफई मसलकाचे आणि देशावरील बहुतेक हनफी. मुदतीचा करार मध्येच कोणत्या कारणाने मोडता येतो, याविषयी दोहोंत मतभेद आहेत. परंतु जे ठरले ते पाळायचे आणि ठरवताना फसवायचे नाही, याविषयी मतभेद नाही. सूरह माइदाच्या पहिल्याच आयतीत ईमानवाल्यांना करार पुरे करण्याची आज्ञा आली आहे, ती प्रत्येक मसलकाला सारखीच आहे.

तेव्हा प्रश्न जाण्याचा नाही. येताना आपण काय सांगतो, याचा आहे.

कुरआनमध्ये नोकरी ठरवण्याचा एक प्रसंग आला आहे. तो आपण पुष्कळदा वाचतो, पण त्या दृष्टीने वाचत नाही. सूरह कससमध्ये हजरत मूसा (अ.) मिस्रमधून निघून मदयनला पोहोचतात. थकलेले, उपाशी, परक्या मुलखात. दोन मुलींच्या जनावरांना पाणी पाजून ते सावलीत जाऊन बसतात. मग त्यांना घरी बोलावणे येते. मुलींपैकी एक वडिलांना सुचवते की यांना कामावर ठेवा, कारण कामावर ठेवण्यास उत्तम तोच, जो बळकट आहे आणि विश्वासू आहे. वडील आपली अट मांडतात. एका मुलीशी निकाह लावून देतो, बदल्यात आठ वर्षे माझे काम करा. दहा केलीत तर ती तुमच्या मर्जीने, तुमच्यावर ओझे घालण्याची माझी इच्छा नाही. आणि मूसा (अ.) उत्तर देतात की हे आपल्या दोघांत ठरले, या दोन मुदतींपैकी जी मी पुरी करीन, तीनंतर माझ्यावर जबरदस्ती होऊ नये, आपण जे बोलतो आहोत त्याला अल्लाह साक्षी आहे.

या ठिकाणी थोडे थांबा. मूसा (अ.) यांची गरज आपल्या कोणत्याही मुलीच्या गरजेपेक्षा कमी नव्हती. डोक्यावर छप्पर नव्हते, मागे फिरऔनचे लोक होते. ‘आयुष्यभर तुमचाच’ असे म्हणणे सोपे होते आणि ऐकणाऱ्या वृद्धालाही ते गोड लागले असते. त्यांनी तसे म्हटले नाही. आठ पक्की आणि दोन ऐच्छिक, अशी मुदत त्यांनी उघड स्वीकारली आणि त्यानंतर मोकळे होण्याचा हक्कही उघडच राखून ठेवला. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांची बुखारीतील रिवायत सांगते की त्यांनी मोठी मुदत पुरी केली. ती पुढची गोष्ट. ठरवतेवेळी मात्र जेवढे खात्रीचे तेवढेच त्यांनी कबूल केले होते. अतिदक्षता विभागाच्या मुलाखतीला जाणाऱ्या मुलीसमोर याहून चांगला नमुना मला सापडला नाही. जाण्याची शक्यता बोलून दाखवणे हा उद्धटपणा नाही, हे यातून कळते. मालकानेही मुदतीला लवचीक जागा ठेवली होती, हेही कळते. त्याविषयी पुढे.

आता मनातील गोष्टींचे वजन करू, कारण ‘मी जाणार आहे’ या तीन शब्दांत निरनिराळ्या अवस्था असतात. एखाद्या मुलीला वाटते की कधीतरी परदेशी जावे. अजून अर्जही केलेला नाही. ही आशा आहे. आशा कोणाला सांगण्याचे बंधन नाही. उद्या तिचे लग्न गावातच ठरेल, विचार बदलेल. तिला कोणी विचारले आणि ती म्हणाली की सध्या कुठे जाण्याचे ठरलेले नाही, तर ते सत्य आहे. दुसरीने अर्ज केला आहे, उत्तर नाही. तिने स्वतःहून सांगितलेच पाहिजे असे मी म्हणणार नाही. पण सरळ विचारले असता तिने नाही म्हणू नये. तिसरीची निवड झाली आहे, परीक्षा झाली आहे, फक्त व्हिसाचा शिक्का बाकी आहे. तिच्या बाबतीत जाणे ही आशा उरलेली नाही. अडथळा आला तरच ती राहील. अशा मुलीने ‘दोन वर्षे’ हा शब्द तोंडातून काढणे हे माझ्या समजुतीप्रमाणे निखळ असत्य आहे. आमच्याकडे आलेली मुलगी ही तिसरी होती.

आणि तिला विचारलेच नाही तर? इथे मला सहीह मुस्लिममधील तो धान्याच्या ढिगाचा प्रसंग आठवतो. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला, तर बोटांना ओल लागली. विक्रेता म्हणाला, पाऊस लागला. प्रेषितांनी (स.) त्याला विचारले की मग ओले धान्य वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही, असे बजावले. विक्रेता काही खोटे बोलला नव्हता, हे ध्यानात घ्या. त्याला कोणी विचारलेही नव्हते. ओल खाली होती, एवढेच. ज्या गोष्टीवर समोरच्याचा व्यवहार अडून आहे, ती न विचारताही वर ठेवावी लागते. अतिदक्षता विभागाला माणूस कायमचे हवे आहे हे जाहिरातीतच दिसत असेल, तर तीन महिन्यांत जाण्याची खात्री ही खालची ओल आहे.

‘इन्शाअल्लाह’विषयी मला अधिक बोलले पाहिजे, कारण हा दोष आम्हा मौलवी मंडळींत इतरांपेक्षा कमी नाही. सूरह कहफमध्ये अल्लाहने आपल्या प्रेषिताला (स.) शिकवले की उद्या मी अमुक करीन असे म्हणताना अल्लाहच्या इच्छेचा उल्लेख वगळू नये. ज्याने करण्याचे ठरवले आहे, त्याच्यासाठी हा शब्द आहे. संकल्प आपला, पूर्तता अल्लाहच्या हाती, ही नम्रता त्यात आहे. ज्याने न करण्याचे ठरवले आहे तो जेव्हा हाच शब्द वापरतो, तेव्हा तो आपल्या लबाडीवर अल्लाहचे नाव पांघरतो. आपल्या आसपासचे हिंदू बांधव कधीकधी हसत विचारतात, “इन्शाअल्लाह म्हणजे नाहीच ना?” त्यांचे हसणे मला बोचते, पण ही ओळख त्यांना आपणच करून दिली आहे.

दुहेरी अर्थाच्या बोलण्याबद्दल उलमांनी पुष्कळ लिहिले आहे. इमाम नववी ‘अल-अजकार’मध्ये सांगतात त्याचा आशय असा की खरी निकड असेल तर असे बोलणे चालते, निकड नसता ते नापसंत, आणि त्याच्या आधारे कोणाचा हक्क बुडवायचा किंवा काही अन्यायाने मिळवायचे असेल तर ते हराम. शपथेच्या बाबतीत तर हदीसमध्ये स्पष्टच आले आहे की अर्थ धरायचा तो समोरच्याला जो समजेल तो. मुतवल्लींना माझ्या वाक्याचा जो अर्थ समजला, तोच माझ्या वाक्याचा अर्थ होता. माझ्या मनातल्या दुसऱ्या अर्थाचा त्या मुलाच्या अकराव्या पाऱ्याला काय उपयोग?

‘कुणाचे काय बुडते’ या वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर मी दिले नाही. ते लेकीनेच दिले. दोन दिवसांनी ते पुन्हा आले तेव्हा मी तिला विचारले, वॉर्डातून एखादी अचानक गेली तर काय होते? ती काही वेळ गप्प राहिली. मग सांगू लागली. नव्या मुलीला पहिले काही आठवडे जुन्या सिस्टरच्या हाताखाली ठेवतात. तातडीची औषधे कोणत्या खणात, कोणते डॉक्टर सूचना कशा लिहितात, कोणत्या यंत्राचा कोणता आवाज धावत जाण्याचा आणि कोणता नुसता तपासण्याचा, हे अंगवळणी पडेपर्यंत ती एकटी धरली जात नाही. व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे एक परिचारिका असावी, असा दंडक आहे. एखादी न सांगता गेली की तिचा रुग्ण शेजारच्या खाटेवालीच्या वाट्याला येतो आणि दिवसपाळी करून थकलेली रात्रीही थांबते. पुण्यात तिने स्वतः असे दोन वेळा केले होते. “तेव्हा मी त्या मुलीला फार बोलले होते, मौलाना,” ती म्हणाली.

वडील यावर काही बोलले नाहीत.

जगात परिचारिकांची ५९ लाखांची उणीव असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२०च्या अहवालात नोंदवले होते. रियाधला त्यांची गरज आहे तशी आपल्या तालुक्यालाही आहे. ‘किती वर्षे राहाल?’ हा प्रश्न त्या उणिवेतून येतो, केवळ मालकाच्या लोभातून नव्हे. आपल्या दीनमध्ये या पेशाचा मानही लहान नाही. खंदकच्या लढाईत जखमी झालेले हजरत साद बिन मुआज (रजि.) यांना मदीनेत हजरत रुफैदा (रजि.) यांच्या तंबूत ठेवले होते, आणि प्रेषित (स.) तिथे त्यांची विचारपूस करीत. हजरत उम्मे अतिय्या (रजि.) सात मोहिमांत बरोबर गेल्या आणि त्यांनी जखमींची शुश्रूषा केली. ज्या खाटेवर उपचार घेणारा आपला हात उचलू शकत नाही, त्या खाटेजवळचे वचन बाजारातल्या वचनाहून जड असते. मुलाखतीच्या खोलीत तो रुग्ण हजर नसतो, पण बोलणे त्याच्याविषयीच चालू असते. हजर नसते आणखी एक, ती जागा मिळाली असती तर खरोखर दोन वर्षे राहिली असती अशी एखादी मुलगी.

आता वडिलांची दुसरी तक्रार. ती अधिक सबळ होती आणि मी ती टाळणार नाही. ते म्हणाले, “ही रुग्णालये आपल्याशी खरे वागतात काय? पगार वेळेवर देत नाहीत, मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवतात, बाँड लिहून घेतात, आणि नको झाली की महिन्याची नोटीस देऊन काढतात. त्यांना सत्य आम्हीच का सांगायचे?”

हे सगळे घडते, मी ऐकले आहे, आणि ज्याने हे केले तो जुलूम करतो. सहीह बुखारीत एक हदीसे कुदसी आहे. कयामतच्या दिवशी अल्लाह स्वतः तीन माणसांच्या विरोधात उभा राहील, असे तिच्यात सांगितले आहे. एक तो, ज्याने अल्लाहच्या नावाने वचन दिले आणि मोडले. दुसरा, ज्याने स्वतंत्र माणसाला विकून पैसा खाल्ला. तिसरा, ज्याने मजूर ठेवला, काम पुरे करून घेतले आणि मजुरी दिली नाही. पहिला आणि तिसरा एकाच कठड्यात उभे आहेत, हे पाहून मी पुष्कळ वेळ ग्रंथ मिटून बसलो होतो. मालकाला आपण दर शुक्रवारी मिंबरवरून तिसऱ्या माणसाची आठवण देतो. पहिल्याची आठवण नोकरदाराला देत नाही. सूरह मुतफ्फिफीनमध्ये ज्यांच्या नाशाची वार्ता आहे, ते घेताना माप भरून घेतात आणि देताना कमी देतात. रुग्णालय त्यांत असेल, पण त्याने कमी मोजले म्हणून आपल्याला कमी मोजण्याची परवानगी कुठल्या आयतीत मिळते? जुलमाविरुद्ध बोलावे, लिखित करार मागावा, अडकवलेली प्रमाणपत्रे परत मिळवण्यासाठी कायद्याकडे जावे. हे मार्ग हलाल आहेत आणि त्यांवर आपण फार कमी चालतो.

आणि मालकांनाही एक सांगायचे आहे. आपल्या समाजातही रुग्णालये आणि नर्सिंग होम चालवणारे आहेत, त्यांच्यापर्यंत हा अंक जातो. खरे सांगणाऱ्या उमेदवाराला दारातूनच परत पाठवाल, तर पुढची प्रत्येक जण तुमच्याशी खोटे बोलायला शिकूनच येईल. मदयनच्या त्या वृद्धाने दहाचा हट्ट धरला नाही. चार महिने येणाऱ्या अनुभवी मुलीचा चार महिन्यांपुरता उपयोग करून घेता येत नाही काय?

असे काही प्रश्नही असतात ज्यांचे उत्तर देणे मुलीवर बंधनकारक नाही. लग्न कधी करणार, मूल कधी होणार, हे मुलींना सर्रास विचारले जाते. आपल्या देशात १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यातील २०१७च्या दुरुस्तीने पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, आणि ती टाळण्यासाठीच पुष्कळदा हे प्रश्न येतात. घरातील गोष्ट झाकून ठेवण्याचा तिला हक्क आहे. ‘हा माझा खाजगी विषय आहे’ असे तिने नम्रपणे म्हणावे. गप्प राहण्यास शरीअतने जितकी जागा दिली आहे, तितकी खोटे बोलण्यास दिलेली नाही, आणि आपण ही दोन्ही एकच समजून गोंधळ करतो.

रुजू होण्याचा विचारच नसताना केवळ सरावासाठी, किंवा दुसरीकडचा पगार वाढवून घ्यायला एखादे नियुक्तिपत्र खिशात असावे म्हणून मुलाखती देत फिरणारे तरुण आता पुष्कळ आहेत. प्रेषितांनी (स.) ‘नजश’ला, म्हणजे विकत घ्यायचे नसताना दुसऱ्याला भुलवण्यासाठी बोली वाढवण्याला, मनाई केली आहे. दोहोंत फार अंतर आहे असे मला वाटत नाही.

सोमवारी ती मुलगी मुलाखतीला गेली. मी सुचवलेले आणि तिने आपल्या शब्दांत बांधलेले उत्तर साधारण असे होते की सौदीसाठी माझी निवड झाली आहे, व्हिसा तीन ते सहा महिन्यांत येईल असे वाटते, तोवर रात्रपाळीसह कोणतीही ड्यूटी करीन, जाण्याआधी पूर्ण महिन्याची नोटीस देईन, आणि तात्पुरत्या कराराला माझी हरकत नाही. मेट्रन सिस्टरनी ऐकून घेतले, तिच्या अनुभवाची वाखाणणीही केली, आणि तिला घेतले नाही.

मी तुम्हाला दुसरे काही सांगू शकत नाही. पुढे तीन आठवड्यांनी तिला एका लहान नर्सिंग होममध्ये महिन्याच्या बोलीवर काम मिळाले, पगार चार हजारांनी कमी. तिचे वडील बरेच शुक्रवार माझ्या सलामाचे उत्तर देत, पण नमाज संपल्यावर थांबत नसत. खरे बोलून व्यवहार करणाऱ्या दोघांना बरकत मिळते आणि लपवणाऱ्यांची बरकत पुसली जाते, ही हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) यांच्या रिवायतीची हदीस मला पाठ आहे आणि तिच्यावर माझा विश्वास आहे. परंतु कर्जाचा हप्ता चुकलेल्या माणसाला ती तोंडावर फेकण्याचा मला धीर झाला नाही, आणि होऊ नये असेच वाटते.

त्याऐवजी एक गोष्ट मला उशिरा सुचली, तिची लाज वाटते. सूरह तौबामध्ये जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत कर्जात बुडालेलेही आहेत. आमच्या जमातीच्या बैतुलमालमध्ये तेव्हा रक्कम पडून होती. सत्य बोल, असे मी एका मुलीला सांगितले, आणि त्या सत्याची सगळी किंमत तिच्या एकटीच्या पगारातून वळती होऊ दिली. तीन महिन्यांचा खड्डा भरून काढण्याइतके कर्ज-ए-हसना आम्ही त्याच रात्री देऊ शकलो असतो. नंतर दिले, पण मुलाखतीआधी दिले असते तर तिच्या मनावर ओझे कमी राहिले असते. ज्या मोहल्ल्यांत परिचारिका, औषधनिर्माते, तंत्रज्ञ अशी मुले व्हिसाच्या प्रतीक्षेत घरी बसली आहेत, तिथल्या विश्वस्तांनी या मधल्या महिन्यांचा विचार करावा.

हे वाचून काही भगिनी म्हणतील की मौलाना, आम्ही तर ‘दोन वर्षे’ म्हणून मोकळ्या झालो, नोकरीही करीत आहोत, आता काय? तुमचा पगार हराम झाला असे मी म्हणणार नाही. तुम्ही काम केले आहे आणि वेळ दिला आहे, त्याची मजुरी तुमची आहे. खोट्याचे पाप वेगळे उभे आहे, त्याची तौबा करा. आणि तौबा नुसती जिभेची राहू नये म्हणून, जाण्याची तारीख कळताच त्याच दिवशी इनचार्ज सिस्टरना सांगा, विमानाच्या तिकिटापर्यंत थांबू नका. शक्य असेल तर ठरल्यापेक्षा मोठी नोटीस द्या. प्रशिक्षणाच्या खर्चाचा करार केला असेल आणि तो वाजवी असेल, तर त्यातला उरलेला भाग फेडा. शेवटचा महिना रजा काढून संपवू नका. तुमच्या जागी जी येईल तिला आपल्या हाताखाली घ्या, रात्रीच्या ड्यूटीला तिच्याबरोबर उभ्या राहा, आणि तातडीची औषधे कोणत्या खणात आहेत ते तिला तोंडपाठ झाल्याखेरीज वॉर्डाची किल्ली देऊ नका.